मेस म्हणजे काय?

स्टीलची ताटं एकावर एक आदळल्याचा आवाज मला अजूनही सहन होत नाही. लग्नाकार्याला गेले तरी ताटांच्या थप्पीपासून लांबची खुर्ची बघून बसते. सून म्हणते, आई, तुमचे कान फार नाजूक आहेत. नाजूक कसले! लोणखेड्याच्या आमच्या घरात हा आवाज सकाळी सुरू व्हायचा तो रात्री शेवटची पातेली पालथी पडेपर्यंत चालायचा, आणि त्या आवाजात मी माझं कॉलेज केलं. म्हणजे कॉलेजचा अभ्यास केला. करायचा प्रयत्न केला असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

आमचं घर शहाद्याहून येणाऱ्या रस्त्यापासून आत, केळीच्या मळ्यांच्या तोंडाशी होतं. पुढची लांबट खोली, मधली अंधारी खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे मोरी. आप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गाळप सुरू असलं की पाळीवर जायचे, हंगाम संपला की दारात खाट टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. कॉलेजमुळे गावात बाहेरची पोरं राहायला येऊ लागली, तेव्हा मायने आधी दोघांना डबा दिला, मग चौघांना घरात बसवून वाढलं, आणि कधीतरी आमची पुढची खोली आमची राहिलीच नाही. भिंतीला लागून तरटाच्या पट्ट्या अंथरलेल्या असायच्या. दाराबाहेर चपलांचा ढीग. मी कॉलेजमधून घरी यायचे ती आधी दहा-बारा परक्या चपला ओलांडून, मग दहा-बारा परक्या पाठींमागून अंग चोरून आत. मैत्रिणीला घरी बोलवावं तर बसवायचं कुठे?

पाटी आप्पांनी रंगवून आणली. मायचं म्हणणं होतं की पाटीवर 'खानावळ' लिहावं. आप्पा म्हणाले, खानावळ म्हटलं की ट्रकवाले येतात, मेस म्हटलं की कॉलेजचे पोरं येतात. त्यांनी कारखान्यात ऐकलेला शब्द होता तो, साहेबलोकांची मेस होती तिथे. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत 'घरगुती मेस' असं लिहून पाटी दारावर ठोकली गेली आणि आप्पा ती रस्त्याच्या पलीकडून किती तरी वेळ बघत उभे राहिले. मलाही ती आवडली होती. आमच्या घरात इंग्रजी शब्द नव्हतेच फारसे. लाईट, टाईम, बस, कारखान्याची शिफ्ट. त्यांत हा एक नवा आणि जरा रुबाबदार.

स्वयंपाकाला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. माय पहाटे उठून कळण्याच्या भाकऱ्या थापायला बसायची. ज्वारीत उडीद घालून दळलेलं ते पीठ, त्याला थापताना येणारा तो जाडसर थप थप आवाज, आणि बाहेर मळ्यातल्या मोटारपंपाची एकसुरी घरघर. शेवभाजी असली की पोरं दोन भाकऱ्या जास्त खायची. कधी डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी, कधी फौजदारी डाळ, गुरुवारी खिचडी. हिवाळ्यात वांगी आली की भरीत. वांगी काटक्यांवर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण घालून ठेचायची. त्या दिवशी धुराने माझे केस, माझी ओढणी, माझी पुस्तकं सगळ्यांना भरताचा वास यायचा. मी वर्गात शेवटच्या बाकावर खिडकीशी बसायचे त्याचं हेही एक कारण होतं.

पोरं तिला मावशी म्हणायची. ती त्यांना नावाने आणि भुकेने ओळखायची. कोणाला तिखट चालत नाही, कोण लाजून तिसरी भाकर मागत नाही, हे तिला बरोबर ठाऊक. धडगावकडचा रतन म्हणून एक मुलगा होता, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारा, आमच्याशी मोजकं मराठी. तो मागायचाच नाही, म्हणून माय त्याच्या ताटात न विचारता टाकायची. तळोद्याच्या कापडदुकानदाराचा प्रवीण होता, तो त्याच्या उलट. त्याला भाजी पातळ वाटायची, डाळ घट्ट वाटायची, आणि जे वाटायचं ते तो मोठ्याने बोलायचा. बाकीची तीन-चार पोरं त्याच्या हसण्यावर हसायची. तो माझ्याच वर्गात होता.

मी पुस्तक उघडलं की हाक यायचीच, कोणीतरी पोरगा कधीचा ताटावर खोळंबलेला असायचा.

"निर्मे, डाळ लई ये वं. तो पोऱ्या कवयना बठेल शे."

"माय, मन्ही परीक्षा शे."

"परीक्षा त्यास्नी बी शे."

हे तिचं ठरलेलं उत्तर. त्यांचीही परीक्षा आहे. मग त्यांनी जेवायचं, मी वाढायचं आणि परीक्षा दोघांनी सारखीच द्यायची, हा कुठला न्याय, असं मी मनातल्या मनात घोकायचे. मोठ्याने म्हटलं असतं तरी ऐकायला कोणाला वेळ होता? माझी चिडचिड कोणावर काढावी हेसुद्धा मला कळत नव्हतं. पोरं वाईट नव्हती. आप्पांचा हंगाम संपला की घर त्या ताटांवरच चालायचं. माय तर दिवसभर चुलीपुढून हलत नव्हती. राग करायला नेमका माणूस सापडला नाही की तो राग सगळ्या घरभर पसरतो, तसं माझं त्या वर्षी झालं होतं.

त्याच वर्षी कॉलेजात इंग्रजीचे नवे सर आले. पुण्याकडचे, तरुण, इस्त्रीचा शर्ट, शुद्ध बोलणारे. आमच्या बोलण्यातलं 'शे' आणि 'ऱ्हायना' ऐकून ते हसायचे नाहीत, पण थांबायचे, आणि त्यांचं ते थांबणंच जिव्हारी लागायचं. एका धड्यात एक बाई मुलाला रागावते, हे तू काय मेस करून ठेवलंस, अशा अर्थाचं वाक्य होतं. सरांनी विचारलं, "मेस म्हणजे काय? कोण सांगेल?"

मी आयुष्यात वर्गात हात वर केला नव्हता. त्या दिवशी केला. का नाही करणार? सगळ्या पुस्तकात माझ्या घरातला असा तो एकच शब्द होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, जिथे विद्यार्थी जेवतात ती जागा."

मागून प्रवीण म्हणाला, "सर, तिच्या घरीच आहे मेस!"

सर फळ्यावर लिहीत म्हणाले, "ते आपल्याकडे म्हणतात तसं. पण इंग्रजीत मेस म्हणजे पसारा. गोंधळ. घाण."

"सर, मग दोन्ही एकच झालं ना!" प्रवीण म्हणाला.

वर्ग हसला. मुली हसल्या, मुलं हसली. कालच आमच्या घरी जेवून गेलेलीही हसली. रतन तेवढा मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिला. सरांनी "शांत बसा" म्हटलं, पण म्हणताना त्यांच्याही ओठांच्या कडेला हसू आलंच. मला त्या सगळ्या हसण्यापेक्षा ते एक हसू जास्त आठवतं. सर वाईट नव्हते, हे मला आज कळतं. मी स्वतः पुढे पस्तीस-चाळीस पोरांच्या वर्गापुढे उभी राहिले आणि असं हसू आवरणं किती कठीण असतं ते अनुभवलं. पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि फळ्यावर खडूने माझ्या घराचा अर्थ लिहिला होता.

तास संपायच्या आत मी निघाले. घरी आले तेव्हा दुपारची पंगत उठून गेली होती. स्टूल घेतलं, वर चढले आणि दारावरची पाटी उचकटली. एक खिळा तुटला, एक वाकला. पत्र्याने तळहाताला चरा पडला. पाटी घेऊन मी आत गेले आणि ती मायच्या पुढ्यात ठेवली. माय परातीत रात्रीचं पीठ चाळत होती.

"पाटी कोनी काढी?"

"मी काढी."

"कसाले?"

"तिनावर घाण लिखेल शे."

मायने हात झटकले, पाटी उचलून उजेडात धरली, मग पदराने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली. "कोठे शे घाण? चांगली चकचकीत तं शे."

"अवं माय, मेस म्हंजेच घाण. इंग्रजीमा."

"इंग्रजीमा व्हई," माय म्हणाली. "आपला दारवर मराठीमा लिखेल शे."

मला भयंकर संताप आला. तिला काय सांगायचं? वर्गात काय झालं ते सांगायचं तर ते हसणं पुन्हा ऐकावं लागलं असतं. मी फक्त म्हटलं, मी आजपासून वाढणार नाही, आणि पाटी परत लावली तर मी कॉलेज सोडीन. यातल्या दुसऱ्या धमकीचा तिच्यावर काहीच परिणाम झाला नाही. आमच्या नात्यात तोवर कॉलेजला गेलेली मुलगी मी एकटीच होते, ते मी सोडणार नाही हे तिला ठाऊक होतं. पहिलीचा मात्र झाला. तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चाळण उचलली आणि म्हणाली, "नको वाढू."

आणि मी खरंच वाढलं नाही. मधल्या खोलीत दार लोटून पुस्तक घेऊन बसायचे आणि बाहेर तिची पावलं ऐकायचे. चुलीपासून पंगतीपर्यंत, पंगतीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून परत चुलीपर्यंत. तिने एकदाही हाक मारली नाही. मला वाटलं होतं की मिळालेल्या वेळात मी भरपूर वाचीन. एक पान वाचून झालं नाही. ज्या शांततेसाठी मी वर्षभर तडफडले होते ती मिळाली, आणि तिच्यात फक्त तिची पावलं ऐकू येत राहिली. आप्पांना पाटीचं कळलं तेव्हा ते म्हणाले, "खिळा लागतीन, मी शहाद्याथून लई येस." त्यांना वाटलं पाटी आपोआप पडली.

त्याच दिवसांत मी कॉलेजच्या ग्रंथालयात जायला लागले, कारण घरी बसवेना. तिथे एका लाकडी घोडीवर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश ठेवलेला होता. तो कोणी उघडत नसे. ग्रंथपाल म्हणाले, पानं पातळ आहेत, बोट ओलं करून उलटू नकोस. मी तो शब्द शोधला. कोशातलं इंग्रजी मला कळेना, म्हणून शेजारी छोटा इंग्रजी-मराठी कोश घेऊन बसले आणि एकेका शब्दाला दुसऱ्या कोशात शोधत, रेल्वेच्या बोगद्यातून चालावं तशी चाचपडत पुढे गेले.

आणि मग ते सापडलं. मेस हा शब्द इंग्रजांनी जुन्या फ्रेंचमधून घेतला होता. त्याचा पहिला अर्थ होता जेवणातला वाटा, ताटात वाढलेलं अन्न. त्याच्याही मागे लॅटिन, आणि तिथे अर्थ होता ठेवलेलं, पाठवलेलं. म्हणजे आतून रांधून बाहेर पंगतीत पाठवतात ते. मेसेज हा शब्दही त्याच कुळातला. पुढे एकत्र जेवायला बसलेल्या माणसांना मेस म्हणू लागले, मोठ्या मेजवान्यांत चौघाचौघांची एकेक मेस असायची. मग सैनिक जिथे एकत्र जेवतात ती जागा. तिथूनच तो शब्द साहेबाच्या, मग कारखान्याच्या आणि शेवटी आमच्या दारापर्यंत आला. घाण आणि गोंधळ हे अर्थ किती तरी शतकांनंतरचे. पातळ कालवलेलं अन्न, मग जनावरांना घालायचं कालवण, मग कसलाही काला, आणि मग पसारा.

मी पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे मी बरोबर होते! नुसती बरोबर नव्हते, तर सरांच्या आधीची होते. शेजारच्या टेबलावर रतन बसला होता. माझ्याच्याने राहवलं नाही, त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "आम्ही भाऊ घरी एकाच थाळीत जेवतो. चौघं." मग म्हणाला, "सरांना सांग ना."

दुसऱ्या दिवशी मी सरांना स्टाफरूमच्या दारात गाठलं. "सर, मेसचा मी सांगितलेला अर्थ चुकीचा नव्हता."

"कुठला मेस?" सरांनी विचारलं.

त्यांच्या ते लक्षातसुद्धा नव्हतं. ज्या गोष्टीने मी घरात बोलणं टाकलं होतं, ती त्यांच्या डोक्यातून तास संपायच्या आधी निघून गेली होती. मी घाईघाईने सगळं सांगितलं, फ्रेंच, लॅटिन, वाटा, पंगत, चौघांची मेस. सर मन लावून ऐकत होते, हे कबूल केलं पाहिजे.

"अरे वा," ते म्हणाले. "छान शोधलंस. पण परीक्षेत हे लिहू नकोस हं. तिथे पसारा, गोंधळ, एवढंच लिही."

"सर, वर्गात सांगाल का तुम्ही?"

"बघू या. पोर्शन फार राहिलाय."

पोर्शन म्हणजे वाटा, हे मी नुकतंच त्याच कोशात वाचलं होतं. पण ते सांगायला दारात कोणी उरलं नव्हतं. वर्गात ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी रोज वाट पाहायचे. फळ्यावरचा तो अर्थ तर कधीच पुसला गेला होता, पण वर्गाच्या डोक्यातला तसाच होता, आणि तो पुसायचा अधिकार ज्यांना होता त्यांना पोर्शन होता. पुढे नंदुरबारला शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा मी हा शब्द दर वर्षी सांगितला. वाटा, पंगत, चौघांची मेस, सगळं. पोरं माना डोलवायची. आणि पेपरात दर वर्षी लिहायची: मेस म्हणजे गोंधळ. मी लाल शाईने बरोबरची खूण करायचे. दुसरं काय करणार, उत्तर बरोबरच होतं.

त्याच दिवसांत घरी मायला सांगितलं तेव्हा ती मिरच्यांची देठं काढत होती. मी तिच्याशी आपण होऊन बोलले याचंच तिला जास्त महत्त्व वाटलं असावं. मी सगळं अहिराणीत सांगत गेले. ती ऐकत होती, हात चालूच.

"म्हंजे पयले चांगला शब्द व्हता?"

"हां."

"मंग सरले सांग."

"सांगं. त्यास्नी काहीच कयं नई."

"मंग ऱ्हाऊ दे," माय म्हणाली आणि मिरच्यांचं सूप माझ्याकडे सरकवलं. "इतल्या नीट कर."

इतकं शोधून आणलेलं सगळं त्या सुपात पडलं. मी मिरच्या नीट केल्या. हात झोंबत होते, डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं हे मला ठरवता येईना.

त्याच आठवड्यात भरीत होतं. संध्याकाळी पंगत बसली. मी पुन्हा वाढायला लागले नव्हते. मधल्या खोलीच्या दारात उभी राहून नुसती बघत होते. आप्पा बाहेर खाटेवर. माय भरताचं पातेलं घेऊन एकेका ताटात वाढत प्रवीणपर्यंत आली. त्याने ताटातल्या भरताकडे बघितलं आणि शेजारच्याला कोपराने ढोसलं.

"मावशी, आज तर मेसमध्ये मेस केलं तुम्ही!"

त्याची ती तीन-चार पोरं फसकन हसली. मायलाही वाटलं काही कौतुक आहे, तीही हसली. तिचं ते हसणं मला बघवलं नाही.

"काय म्हनस रे?" तिने विचारलं.

"काही नाही मावशी. इंग्रजी जोक आहे."

"मराठीमा सांग ना मंग."

प्रवीणने भाकर मोडायला घेतली. बाकीचे ताटात बघू लागले. माय हसऱ्या चेहऱ्याने तशीच उभी, पळी हातात. मग मीच बोलले. ठरवून नाही, तोंडातून निघून गेलं. "माय, तो म्हनस, तुन्हं भरीत म्हंजे घाण. आपलं घर म्हंजे बी घाण. वर्गमा बी तेच म्हनेल शे, आनि आख्खा वर्ग हासना."

मायने पातेलं खाली ठेवलं. आत गेली. मला वाटलं ती रडायला गेली. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. तिने हात धुतले, तोंड धुतलं, पदराने पुसलं. बाहेर आली ती थप्पीतलं एक ताट घेऊन. पंगतीच्या टोकाला रतन बसला होता. त्याच्या शेजारी तिने तरटाची पट्टी सारखी केली, खाली बसली आणि ताट पुढ्यात ठेवलं.

"प्रवीण," ती म्हणाली, "ऊठ. आज तू वाढ."

"मी?"

"हां, तू. भाकर टोपलीमा शे. भरीत आठे शे."

प्रवीणने बाकीच्यांकडे बघितलं. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. रतन उठायला लागला, "मावशी, मी वाढतो." मायने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं. आवाज ऐकून आप्पा दारात आले. "हाई काय चाली ऱ्हायनं?" त्यांनी विचारलं. मायने प्रवीणवर डोळे काढले नाहीत, आवाज चढवला नाही. नुसती रिकाम्या ताटापुढे मांडी घालून बसून राहिली, जेवायला बसलेलं माणूस बसतं तशी.

शेवटी तो उठला. त्याला पळी कशी धरायची ते माहीत नव्हतं. भरीत ताटात पडण्याऐवजी ताटाच्या काठावर पडलं. भाकर त्याने उभ्यानेच, वरून टाकली. मायने ती उचलली, नीट ठेवली आणि जेवायला लागली.

"कांदा दे."

त्याने कांदा आणला.

"निर्मे, तू बी बठ."

मी बसले. रतनने सरकून जागा केली. प्रवीणने माझ्या ताटात वाढलं, माझ्याकडे न बघता. त्या खोलीत मी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा जेवायला बसले होते, आणि तरी माझं सगळं लक्ष मायकडे होतं. ती हळूहळू, चावून चावून जेवत होती. मध्येच म्हणाली, "आखो भरीत दे." मग डाळ मागितली. डाळ आणताना त्याच्या हातातली वाटी कलंडली आणि त्याच्या पॅन्टवर सांडली. कोणी हसलं नाही. तिने डाळीत भाकर कुस्करली, खाल्ली, ताटातच हात धुतले आणि उठली. "झायं. आते तू जेव," असं त्याला म्हणाली आणि स्वतः त्याला वाढायला पातेलं उचललं. तो जेवला नाही. चपला घालून निघून गेला.

रात्रभर मला वाटत होतं, काहीतरी बदललं. आता ती म्हणेल, बस झालं हे, उद्यापासून बंद. किंवा निदान म्हणेल की पाटीवर खानावळ लिहू. सकाळी उठले ते ठोकण्याच्या आवाजाने. माय स्टुलावर चढून पाटी परत लावत होती. तीच निळी पाटी, तोच शब्द. आप्पांनी शहाद्याहून आणलेले नवे खिळे तिच्या ओठांत धरलेले होते.

प्रवीण पुन्हा आला नाही, आणि त्याची पोरंही त्याच्याबरोबर दुसरीकडे गेली. आप्पा दोन दिवस घरात धुसफुसत होते, इतल्याशा गोष्टीवरथून पोरं गयात, म्हणून. वर्गात प्रवीण माझ्या वाटेला गेला नाही, पण मला जे हवं होतं ते तेही नव्हतं. मी पुन्हा वाढायला लागले. ताटं पुन्हा वाजायला लागली. मायला पंगतीत बसलेली मी त्यानंतर कधीच पाहिली नाही; सगळे उठून गेले की ती पूर्वीसारखीच चुलीपुढे, पातेल्यातलं उरलंसुरलं घेऊन बसायची. मी म्हणायचे, बस ना माय, मी वाढते. ती म्हणायची, आते नको.

मी चिडायचे ते याच्यावर. जर तिला अपमान कळला होता, तर पाटी परत का लावली? आणि कळला नव्हता, तर त्या पोराला उठवून वाढायला का लावलं? मी कोश उघडून एका शब्दाचे सहा-सात शतकांचे अर्थ लावले होते, आणि माझ्याच आईने माझ्या डोळ्यांदेखत केलेल्या एका गोष्टीचा अर्थ मला लागत नव्हता. तिने ते माझ्यासाठी केलं, असं मला वाटून घ्यायचं होतं. तिने ते स्वतःच्या मानासाठी केलं, असंही चाललं असतं. तिने फक्त एकदा सांगायला हवं होतं.

शेवटी एक दिवस, परीक्षा संपल्यावर, ती मोरीत ताटं घासत होती तेव्हा मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सरळ विचारलं. त्या दिवशी तू पंगतमा कसाले बठनी?

ती राखेचा हात ताटावर गोल फिरवत होती. तिला आठवायला जरा वेळ लागला, किंवा तिने तसं दाखवलं.

"भूक लागेल व्हती माले," ती म्हणाली, आणि पुढचं ताट ओढून घेतलं.